उत्तनचं एक्सपी

बाई, आज दुपारी मी उत्तनचं मशीन कायमचं बंद केलं. घरी आले, हातपाय धुतले, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत डोक्यात एवढंच घोळत होतं की हे कुणाला तरी सांगायला हवं. सांगावं असं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, हे मला कळतंय. तरी फसलेल्या प्रिंटांचे पाठकोरे कागद घेऊन लिहायला बसलेय.

दमलेय मी. हे आजचं दमणं नाही, आज तर काम तासाभराचंच होतं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये अजून पाच-सहा ठिकाणी माझं येणं-जाणं आहे. एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात नावं कोरायचं मशीन आहे, ते विंडोज एक्सपीवर चालतं. चेण्याकडे ट्रकचा वजनकाटा आहे, तो तर अजून अठ्ठ्याण्णववर. तुम्ही गेलात त्यानंतर वर्षा-दीड वर्षात एक्सपीला कंपनीकडून दुरुस्त्या येणं थांबलं. तेव्हापासून दरवर्षी काही ना काही सुटत गेलं. आधी अँटिव्हायरस म्हणाला, तुमची सिस्टिम फार जुनी. मग नवे प्रिंटर ओळख दाखवेनात, मग बँकेची साइट उघडेना. मालक म्हणतात, "मॅडम, मशीन तो एकदम मस्त है, सिर्फ कंप्यूटर का कुछ करो." मग मी तुम्ही शिकवलंत तेच करते. नेटची वायर काढते, नको त्या सगळ्या गोष्टी एकेक करून बंद करते, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून कपाटात ठेवते, त्यावर गाळ्याचं नाव लिहिते. पूर्वी हे करताना एक धुंदी असायची. मेलेलं मशीन उठवलं की मी दिवसभर गुणगुणत असायचे. आता कॅबिनेट उघडायच्या आधीच मनात येतं, नको उठूस बाबा, एकदाचा जा.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती नोकरी मागायला नव्हे. मला डेटा एंट्रीचा क्लास लावायचा होता. तुम्ही टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेऊन फाटकाजवळ तो एवढासा गाळा घेतला होता, अर्ध्यात क्लास आणि अर्ध्यात दुरुस्ती. चष्मा कपाळावर चढवून तुम्ही कॅबिनेटमध्ये अशा वाकला होतात की मला फक्त अंबाडा दिसला. मी मॅडम म्हटलं तर म्हणालात, "मला बाई म्हण. मॅडम म्हटलं की मला ऑफिस आठवतं." मग माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन म्हणालात, "जरा हे धर की." त्या 'धर की'मध्ये तुमचा अख्खा मराठवाडा होता. मी धरला, आणि डेटा एंट्री राहिलीच. गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "कोई जेंट्स नहीं है क्या?" तुम्ही मान वर न करता सांगायचात, "है ना, चाय लाने गया है." ते बिचारं जेंट्सची वाट बघत बसायचं आणि तेवढ्यात आपण त्याचं मशीन चालू करून द्यायचो.

उत्तनचा तो मुलगा तुमच्याकडे कसा आला, ते मी पुष्कळांना सांगितलंय. तुमच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी मासळी घेऊन येणारी बाई होती, तिचा मुलगा. तेव्हा बारा वर्षांचा. त्याला सगळं कळायचं, ऐकू यायचं, पण जिभेवर ताबा नव्हता आणि हातापायांवरही फार नव्हता. सुरमईचा भाव करता करता ती तुम्हाला म्हणाली, त्याला काय पायजे ते मना रडन्यावरून वळखाया लागतं. तुम्ही भाव करायचं सोडून दिलंत. आठवड्याभराने दुकानात एका परदेशी मासिकाबरोबर आलेली सीडी काढून मला दाखवलीत. त्यात एक साधा प्रोग्राम होता. पडद्यावर चित्रांच्या चौकटी, एकेक चौकट आपोआप उजळत जाते, हवी ती उजळली की बटण दाबायचं, आणि त्या चौकटीला जोडलेला आवाज वाजतो. आपण भंगारातल्या भागांतून एक मशीन जुळवलं. माउस फोडून त्याच्या डाव्या बटणाच्या तारा बाहेर काढल्या, घराच्या बेलचं बटण जोडलं, वर पाटाएवढी फळी बसवली, म्हणजे त्याने हात कसाही टाकला तरी बटण दबेल. सगळं झालं आणि मग अडलं आवाजापाशी. त्याच्या आईला माइकसमोर बसवलं तर ती पदरात तोंड लपवून हसायला लागली. "मना न्हाय जमाचा. मना लाज वाटते." बाप बोटीवर गेलेला.

मग तुम्हीच बोललात. रेकॉर्डिंग तुमच्या स्वयंपाकघरात केलं, कारण घरात रस्त्यापासून लांब तीच एक खोली. मला तो दिवस अजून तसाच दिसतो. खिडकी बंद आहे, फ्रिजचा प्लग काढलाय, ओट्यावर जोंधळ्याचं पीठ झाकून ठेवलंय, तुम्ही पाटावर बसलायत आणि माइक डब्यावर डबा ठेवून उभा केलाय. घामाने तुमचं कपाळ चमकतंय. "मला पाणी दे की." शेजारी कुकरची शिट्टी होते, आपण थांबतो. परत, "मला पाणी दे की." मी म्हणते, "बाई, तो उत्तनचा आहे, 'की' कशाला?" तुम्ही म्हणता, "मी काय मुद्दाम घालतेय का? निघतंय तोंडातून." शेवटी दहाव्यांदाही 'की' निघालाच, तेव्हा आपण तो राहू दिला. पाणी, जेवण, खाज सुटली, कूस बदल, टीव्ही लाव, पंखा बंद कर, कोण आलंय, ये बस, हे सगळं माझ्या यादीतलं. यादी संपल्यावर तुम्ही म्हणालात, अजून एक घे, आणि माइककडे बघून बोललात, "मला एकट्याला राहू दे." ही चौकट बघून त्याची आई चिडली होती. पोराला हे काय शिकवता म्हणाली. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "राग त्याला पण येतो ना? येतो तर सांगायला नको?"

आणि माझी ती चूक. त्याच्याकडे अठ्ठ्याण्णव काढून एक्सपी टाकलं, त्याला सहा महिने झाले होते. मी साफसफाईला गेले होते. मला तेव्हा मशीन नटवायचं वेड होतं, रंगीत खिडक्या, पारदर्शक पट्ट्या, नवं काय मिळेल ते. त्याच्या मशीनवर मी असंच काहीतरी चढवलं, आवाजाचा ड्रायव्हरही नवा टाकला. मशीन बंद करून परत चालू केलं आणि लाइट गेली. संध्याकाळची बस चुकेल म्हणून मी निघाले. आवाज तपासला नाही. चार दिवस त्या घरात चौकटी उजळत होत्या, तो फळीवर हात मारत होता, आणि काहीही ऐकू येत नव्हतं. त्याचा कान दुखत होता. तो रडायचा, आदळआपट करायचा. मशीन बिघडलं म्हणून हट्ट करतोय असं वाटून आईने एकदा मारलंही. पाचव्या दिवशी उशीवर पू दिसला.

ती दुकानात आली तेव्हा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दारात उभी राहून म्हणाली, "बाय, तो सांगत व्हता. आमाला आयकू न्हाय आलं." ती गेल्यावर तुम्ही हातातलं सोल्डरिंग पुरं केलंत. मग विचारलंत, "तू मशीन बघायला गेली होतीस की हौस भागवायला?" मी रडायला लागले. "रडू नकोस. उद्या सकाळी उत्तनला जा, आधी मशीन नीट कर. मग संध्याकाळपर्यंत तिथेच बस. तोंडातून शब्द काढायचा नाही. हातवारेही करायचे नाहीत. त्याच्या आईला मी सांगून ठेवते."

मी बसले. मला वाटलं होतं सोपं आहे. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, माश्या तोंडावर बसत होत्या, आणि मी त्याच्या शेजारी खुर्चीत. अकराच्या सुमाराला तहान लागली. त्याची आई आत-बाहेर करत होती, तिच्या हातात तांब्या होता, पण तिला काय माहीत मला पाणी हवंय? मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ती म्हणाली, "काय झाला, ऊन लागते?" आणि खिडकी लावून घेतली. वाराही गेला. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने हात फळीवर टाकला आणि तुमच्या आवाजात म्हणाला, "मला पाणी दे की." आईने त्याला पाणी दिलं तर त्याने तोंड फिरवलं, माझ्याकडे. तिला कळलं. मला पाणी मिळालं. तीन वाजता मात्र मी हरले, संडासला कुठे जाऊ म्हणून विचारलं, आणि ती दोघं इतकी हसली की काय सांगू. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गप्प होते असंच सांगितलं होतं.

माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून टेलिफोन खात्यातली तुमची लांब नाकाची पक्कड दिलीत. सासरची माणसं हसली. तुम्ही पुऱ्यांचं ताट हातात घेऊन त्यांना म्हणालात, "हसा. घरातला फ्रिज बिघडला की मग बघू." आणि नंतरची ती सहा महिन्यांची तुमच्या आजारपणाची गोष्ट मला लिहायची नाही. शेवटी शेवटी तुम्ही दुकानाचं विचारतच नव्हतात. एकदा फक्त विचारलंत, "उत्तनला कोण जातं?" मी म्हटलं, मी. तुम्ही डोळे मिटलेत.

तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनी मी तिथे गेले. त्याच्या आईला बातमी कळली होती, तिने दारातच माझे हात धरले. आत गेले तर तो मशीनसमोर होता. मला बघून त्याने फळीवर हात टाकला. "ये की, बस." बाई, तुमचा आवाज. जसाच्या तसा, पाठीमागे शेजारच्या कुकरच्या शिट्टीची शेपटी असलेला. मी उंबऱ्यावरच बसले. त्याची आई छातीवर क्रूस काढून देव्हाऱ्यातल्या मेरीमातेकडे बघत राहिली. त्याला वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून त्याने परत दाबलं.

त्या दिवसापासून मी त्या मशीनला मरू दिलं नाही. उत्तनची हवा खारट, सहा महिन्यांत मेमरीच्या पट्ट्यांवर गंज चढतो. रॅम काढायची, खोडरबरने घासायची, परत बसवायची. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले ते बदलले. तो जुना डिस्कचा प्रकार बाजारातून गेला, तर तसल्या डिस्क चोर बाजारातून, भंगारातून, बंद पडलेल्या क्लासमधून उचलून आणल्या आणि चार डिस्कवर चार नकला करून ठेवल्या. नव्या सिस्टिमवर तो प्रोग्राम चालवून पाहिला, तर चौकटी इतक्या भरभर पळायच्या की त्याचा हात पोचेपर्यंत तिसरीच उजळायची. म्हणून एक्सपीच ठेवलं, तेही सोलून सोलून इतकं हलकं केलं की त्यात त्या एका प्रोग्रामशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. महिन्यातला एक रविवार उत्तनचा. नवरा म्हणायचा, एवढं काय आहे तिथे. मी म्हणायचे, सर्व्हिस आहे.

आता आजचं. त्याची चुलत बहीण आखातात नर्स आहे, सुट्टीवर आलीय. तिने एक टॅब आणलाय आणि त्यावर मराठीत बोलणारा प्रोग्राम. त्याची फळी टॅबला जोडून द्यायची म्हणून मला बोलावलं. छोटासा जोड लागतो, मी घेऊन गेले होते. जोडत असताना ती पोरगी सहज म्हणाली, "दीदी, तुम्ही एवढी वर्षं हे करताय, टॅबवर असं मिळतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी वायरकडे बघत म्हटलं, "मराठीत नीट नव्हतं गं तेव्हा." ती म्हणाली, असेल.

मी तुमचे सगळे आवाज पेनड्राइव्हवर नेले होते. तिला म्हटलं, हे पण घालता येतात यात, म्हणजे त्याला सवयीचा आवाज राहील. तिने दोन्ही टाकले. एका चौकटीत तुमचा आवाज, दुसरीत टॅबमधला पुरुषाचा. त्याला विचारलं, कुठला हवा? त्याने दुसरी दाबली. मी म्हटलं, चुकून दाबली असेल, परत विचार. परत दुसरीच. तेव्हा त्याची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दार उगडा असला का तो बोलत न्हाय. गल्लीतली पोरा हसतात, बायचा आवाज म्हनून." किती वर्षांपासून, मी विचारलं. "मिशी आली तवापासून."

तो छत्तीस वर्षांचा आहे बाई. दाढी आहे, कानशिलावर चार पांढरे केस आहेत. आणि चोवीस वर्षं तो पन्नाशीच्या बाईच्या आवाजात पाणी मागतोय. मला हे कधी विचित्र वाटलं नाही. दर महिन्याला मी तिथे बसत होते आणि दार कायम लोटलेलं का असतं, हे एकदाही विचारलं नाही. तरी मी तिसऱ्यांदा म्हटलं, "नीट बघ हां. हा आपल्या बाईंचा आवाज आहे."

त्याने मान झटकली, जुन्या मशीनकडे. बहिणीने खुर्ची फिरवली, मी फळी परत तिकडे लावून दिली. चौकटी उजळत गेल्या. तो थांबला, थांबला, आणि हात टाकला. "बंद कर की." ती पंख्याची चौकट आहे, म्हणून त्याची आई उठून पंख्याकडे गेली. त्याने जोरात मान हलवली आणि माझ्याकडे बघत परत दाबलं. "बंद कर की."

मी स्टार्टवर गेले, बंद करायचं निवडलं. आतली घरघर थांबली. इतकी वर्षं त्या खोलीत ती घरघर होती हे थांबल्यावर कळलं.

मग बहिणीने टॅब समोर धरला. त्याची आई चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. खोलीत एक भरदार पुरुषी आवाज आला, "आई, चहा दे." ती गर्रकन वळली ती थेट दाराकडे. "कोन आला गो?" त्याचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर त्या घरात पुरुष बोलला नव्हता. दारात कुणी नव्हतं. तिने आमच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली बसली. तो हसत सुटला. "आई, चहा दे. आई, चहा दे." सात-आठ वेळा तरी. बहीण म्हणाली, पुरे रे. तो ऐकेना. मग त्याने मान दाराकडे केली, आणि आईने उठून दार सताड उघडलं. समोर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने आत बघितलं आणि हात वर केला.

चहा पिऊन मी निघाले. जुनं मशीन न्यायला उद्या-परवा टेम्पो पाठवते म्हटलं. त्याने मला नव्या आवाजात काहीतरी सांगावं म्हणून मी दारात थोडी रेंगाळले, पण तो बहिणीबरोबर नव्या चौकटी लावण्यात गुंतला होता. त्याचं बरोबर आहे.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून पुढचं लिहिता येतंय. त्या पोरीला मी खोटं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हाच प्रोग्राम मी माझ्या फोनवर उतरवून पाहिला होता. मराठी बोलत होता, चांगलं बोलत होता. आता उत्तनला जाऊन सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. चहा प्यायले, रॅम घासली आणि न सांगता परत आले. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. काम झालं की आवाज येतोय का ते तपासावं लागतं, त्यासाठी एक चौकट वाजवून पाहिली तरी पुरतं. मी सगळ्या वाजवायचे, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत, आणि तो तोवर गप्प बसून माझं होण्याची वाट बघायचा.